राज्य बदलले, कायदे राहिले : चेक राज्यघटनेची वाटचाल

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी प्रागमधील राष्ट्रीय समितीने स्वतंत्र चेकोस्लोव्हाक राज्य स्थापन झाल्याचा कायदा जाहीर केला. तो मोजक्याच वाक्यांचा होता. पहिल्या कलमानुसार राज्याचे स्वरूप पुढे राष्ट्रीय सभा ठरवणार होती, म्हणजे प्रजासत्ताक असावे की राजेशाही, हा प्रश्न त्या दिवशी खुलाच ठेवला गेला. दुसऱ्या कलमात मात्र ठामपणे म्हटले होते की आजवरचे सर्व प्रांतिक आणि साम्राज्याचे कायदे व आदेश तूर्त अमलात राहतील. ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याच्या जवळजवळ चारशे वर्षांच्या राजवटीतून बाहेर पडणाऱ्या राष्ट्राने पहिल्याच दिवशी हाब्सबर्गांचे सगळे कायदे आपलेसे करावेत, हे वरवर पाहता विचित्र वाटते. मसुदा लिहिणाऱ्या आलोइस राशीन यांचा हेतू मात्र व्यावहारिक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेऱ्या उघडाव्यात, न्यायालये बसावीत, करवसुली चालू राहावी आणि जणू क्रांती झालीच नाही अशा रीतीने कारभार पुढे जावा, असे त्यांना वाटत होते.

चेक घटनात्मक इतिहास समजून घ्यायचा असेल तर या दुसऱ्या कलमापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. या देशाने अनेकदा राजवट बदललेली पाहिली आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला : कालपर्यंत चालू असलेल्या कायद्याचे आज काय करायचे? तो सगळाच टाकून दिला तर अराजक माजते आणि सगळाच ठेवला तर जुन्या अन्यायावरही मान्यतेची मोहर उमटते. या प्रश्नाला वेगवेगळ्या पिढ्यांनी जी उत्तरे दिली, त्यांच्या क्रमाने पाहिल्यास सनावळ्यांचा हा गुंता बराचसा सुटतो.

आजचे चेक प्रजासत्ताक म्हणजे मुख्यतः बोहेमिया, मोराव्हिया आणि सायलेशियाचा एक भाग. या ‘चेक मुकुटाच्या प्रदेशां’ना मध्ययुगापासून स्वतःची राजकीय ओळख होती. १२१२ साली, पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या फ्रेडरिक दुसरा याने दिलेल्या सिसिलीच्या सुवर्णसनदेने बोहेमियाच्या राजपदाला मान्यता दिली आणि राजा निवडण्याचा हक्क स्थानिकांकडे असल्याचेही मान्य केले. पुढे उमराव, सरदार आणि राजेशाही शहरे यांची मिळून ‘प्रांतसभा’ बळकट होत गेली. १५०० साली व्लादिस्लाव्ह राजाच्या काळात प्रांताचे रूढ कायदे आणि उमरावांचे हक्क लेखी स्वरूपात संकलित झाले. आधुनिक अर्थाने ही राज्यघटना नव्हे, कारण सामान्य शेतकऱ्याला तिच्यात काहीच स्थान नव्हते. तरीही राजाने एकट्याने राज्य करायचे नाही, हे तत्त्व तिने कागदावर आणले. १५२६ साली हाब्सबर्ग घराण्यातील पहिला फर्डिनांड बोहेमियाच्या गादीवर आला, तोही प्रांतसभेने निवडल्यामुळेच.

हे तत्त्व शंभर वर्षांनी मोडले. १६१८ साली प्रॉटेस्टंट उमरावांनी बंड केले. ३१ जुलै १६१९ रोजी त्यांनी संघराज्याची सनद मंजूर केली, जिच्यात चेक मुकुटाचे पाच प्रदेश समान दर्जाचे मानले गेले आणि राजा निवडणुकीनेच येईल असे स्पष्ट लिहिले गेले. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या ‘पांढऱ्या टेकडी’वरील लढाईत बंडखोरांचा पराभव झाला आणि २१ जून १६२१ रोजी प्रागच्या जुन्या चौकात सत्तावीस जणांना देहदंड देण्यात आला. त्यानंतर १६२७ साली दुसऱ्या फर्डिनांडने बोहेमियासाठी, आणि पुढच्या वर्षी मोराव्हियासाठी, नवी प्रांतिक व्यवस्था लागू केली. गादी वंशपरंपरागत झाली, कायदे करण्याचा अधिकार राजाकडे गेला, कॅथलिक सोडून इतर ख्रिस्ती पंथांना बंदी आली आणि जर्मन भाषेला चेकच्या बरोबरीचा दर्जा मिळाला.

या दस्तऐवजाचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. राजाने त्याला ‘नूतनीकृत प्रांतिक व्यवस्था’ म्हटले. सगळा ढाचा उलटापालटा करूनही त्याला जुन्याचेच नूतनीकरण म्हणवून घ्यावेसे वाटले. बंड केल्यामुळे प्रजेने आपले हक्क गमावले, म्हणून राजा ते नव्याने आणि हवे तेवढेच परत देत आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. प्रांतसभा नाममात्र उरली, पण ती रद्द झाली नाही. एकोणिसाव्या शतकात चेक नेत्यांनी याच उरलेल्या धाग्याला धरून ‘ऐतिहासिक राज्यहक्का’ची मागणी उभी केली. आमचे राज्य कायद्याने कधी संपलेच नाही, ते फक्त दडपले गेले आहे, असे ते म्हणत.

१८४८ च्या क्रांतीत एक संधी आली होती. व्हिएन्नातील दंगलीमुळे साम्राज्याची संसद मोराव्हियातील क्रोमेझीझ या लहान शहरात हलवली गेली. तिथे चेक, जर्मन, पोलिश आणि इतर प्रतिनिधींनी मिळून घटनेचा मसुदा तयार केला. सर्व सत्तेचा उगम जनतेत आहे, असे वाक्य त्याच्या एका प्रारूपात होते. मार्च १८४९ मध्ये सैनिक पाठवून ही संसद बरखास्त करण्यात आली आणि सम्राटाने स्वतःची घटना वरून लादली. तीही १८५१ च्या अखेरीस मागे घेतली गेली. पुढचा टिकाऊ टप्पा २१ डिसेंबर १८६७ चा. साम्राज्याचे ऑस्ट्रियन आणि हंगेरियन असे दोन भाग झाल्यावर ऑस्ट्रियन भागासाठी जे मूलभूत कायदे झाले, त्यांत नागरिकांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा होता आणि त्या हक्कांसाठी दाद मागायला न्यायालयही होते. चेक राजकारण्यांनी ही घटना मानली नाही, कारण हंगेरीला जे मिळाले ते बोहेमियाला नाकारले गेले होते. १८७१ मध्ये तडजोडीचा प्रयत्न झाला, तोही फसला. तरीसुद्धा माझ्या मते चेक समाजाला कायद्याचे राज्य म्हणजे काय, याची पहिली सवय या नापसंत घटनेनेच लावली. १८७६ पासून व्हिएन्नातील प्रशासकीय न्यायालयात सामान्य नागरिक सरकारी कचेरीच्या निर्णयाविरुद्ध जाऊ लागला, आणि ही सवय १९१८ च्या स्वातंत्र्यात शिदोरीसारखी कामी आली.

राशीन यांच्या दुसऱ्या कलमाचा एक अनपेक्षित परिणामही इथेच दिसतो. चेक प्रदेश ऑस्ट्रियन कायद्याखाली होते, तर स्लोव्हाकिया हंगेरियन कायद्याखाली. आजवरचे कायदे चालू ठेवायचे म्हटल्यावर एकाच देशात दोन निराळ्या कायदेव्यवस्था शेजारी शेजारी चालू राहिल्या. १८११ ची ऑस्ट्रियन दिवाणी संहिता चेक भागात १९५० च्या अखेरपर्यंत लागू होती.

२९ फेब्रुवारी १९२० रोजी कायमस्वरूपी घटना मंजूर झाली. तिची प्रस्तावना ‘आम्ही, चेकोस्लोव्हाक राष्ट्र’ या शब्दांनी सुरू होते आणि तिच्यावर अमेरिकन घटनेची छाप स्पष्ट आहे. संसदेची रचना फ्रान्सच्या जवळची होती : ३०० सदस्यांचे प्रतिनिधिगृह, १५० सदस्यांचे सिनेट आणि संसदेने सात वर्षांसाठी निवडलेला राष्ट्राध्यक्ष. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार होता. पण या घटनेत दोन उणिवा होत्या, आणि त्यांवर थांबायला हवे.

पहिली उणीव त्या ‘आम्ही’ या शब्दातच होती. घटना करणारी राष्ट्रीय सभा निवडणुकीने आलेली नव्हती. चेक पक्षांना त्यांच्या युद्धपूर्व बळानुसार जागा वाटल्या गेल्या, स्लोव्हाक प्रतिनिधी नेमले गेले आणि देशातील लाखो जर्मन भाषकांचा एकही प्रतिनिधी त्या सभेत नव्हता. शिवाय चेक आणि स्लोव्हाक हे एकच राष्ट्र आहे, असे घटनेने गृहीत धरले होते. चेकोस्लोव्हाकिया त्या काळातील मध्य युरोपात सर्वांत अधिक काळ टिकलेली लोकशाही ठरली, हे खरे आहे, पण ज्यांना घटना लिहिताना बोलावलेच नाही त्यांना ती आपली वाटावी ही अपेक्षा फार मोठी होती.

दुसरी उणीव घटनात्मक न्यायालयाच्या रचनेत होती. संसदेने केलेला कायदा घटनेशी विसंगत असेल तर तो रद्द ठरवण्यासाठी खास वेगळे न्यायालय असावे, ही कल्पना तेव्हा अगदी नवीन होती. तिचे सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ते हान्स केल्सेन यांचा जन्म प्रागचाच. ऑस्ट्रियाच्या घटनेत त्यांनी असे न्यायालय आणले, पण ती घटना ऑक्टोबर १९२० ची, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाने त्यांच्या काही महिने आधीच बाजी मारली होती. सात न्यायाधीशांचे हे न्यायालय १९२१ च्या अखेरीस कामाला लागले. दुर्दैवाने त्याचे दार फारच अरुंद ठेवले होते. सामान्य नागरिकाला तिथे जाता येत नव्हते. फक्त सर्वोच्च दर्जाची न्यायालये, संसदेची सभागृहे आणि देशाच्या पूर्व टोकाच्या कार्पेथियन रुथेनिया प्रदेशाची सभा यांनाच, तेही कायदा प्रसिद्ध झाल्यापासून तीन वर्षांच्या आत, अर्ज करता येत होता. त्यामुळे कायद्यांची खरी तपासणी जवळजवळ झालीच नाही. १९३१ मध्ये न्यायाधीशांची मुदत संपली आणि १९३८ पर्यंत नव्या नेमणुकाच झाल्या नाहीत. जगाच्या पुढे असलेली ही संस्था सात वर्षे रिकाम्या खुर्च्यांनिशी पडून राहिली, आणि त्याबद्दल फारशी ओरडही झाली नाही.

सीमाभाग जर्मनीला देऊन टाकणारा ३० सप्टेंबर १९३८ चा म्युनिक करार, ५ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष एडवर्ड बेनेश यांचा राजीनामा, नोव्हेंबरमध्ये स्लोव्हाकियाला स्वायत्तता, १४ मार्च १९३९ ला स्वतंत्र स्लोव्हाक राज्याची घोषणा आणि दुसऱ्याच दिवशी चेक प्रदेशात जर्मन सैन्य : अवघ्या सहा महिन्यांत पहिले प्रजासत्ताक संपले. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या बेनेश यांनी तेव्हा सातत्याचा युक्तिवाद नव्याने मांडला. म्युनिक दडपणाखाली झाला, राजीनामाही दडपणाखालीच दिला, म्हणून कायद्याच्या दृष्टीने दोन्ही शून्यवत आहेत. प्रजासत्ताक संपलेलेच नाही आणि मी अजूनही त्याचा राष्ट्राध्यक्ष आहे, असे ते म्हणत. संसद नसल्याने त्यांनी हुकूम काढून कायदे केले आणि २८ मार्च १९४६ रोजी तात्पुरत्या राष्ट्रीय सभेने त्यांना मागाहून मान्यता दिली. या हुकुमांनी देश पुन्हा उभा करण्यास हातभार लावला. पण त्यांतल्याच काहींनी बहुतेक जर्मन आणि हंगेरियन भाषकांचे नागरिकत्व व मालमत्ता काढून घेतली. कायद्याचे सातत्य जपण्यासाठी घडवलेले साधन सामूहिक शिक्षेसाठीही वापरता येते, हे यातून दिसले, आणि त्याची जखम आजही पूर्ण भरलेली नाही.

फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि ९ मे रोजी नवी घटना मंजूर झाली. तिच्यात १९२० च्या घटनेतले बरेच शब्द कायम होते : हक्क, स्वातंत्र्य, संसद, राष्ट्राध्यक्ष. घटनात्मक न्यायालय तेवढे नव्हते. बेनेश यांनी तिच्यावर सही करण्यास नकार देऊन ७ जूनला राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी कम्युनिस्ट पंतप्रधान क्लेमेंट गॉटवाल्ड यांनी सही केली. १९६० च्या घटनेने तो आडपडदाही दूर सारला. देशाच्या नावात ‘समाजवादी’ हा शब्द आला आणि चौथ्या कलमात समाजाचे व राज्याचे नेतृत्व कम्युनिस्ट पक्षाकडे असेल असे लिहिले गेले. इतर सर्व कलमे या एका कलमाच्या छायेत वाचावी लागत.

१९६८ च्या ‘प्राग वसंत’ नावाच्या उदारीकरणाच्या काळातील सुधारणा ऑगस्टमधील सोव्हिएत आक्रमणाने चिरडल्या. त्यांतली एकच मोठी गोष्ट टिकली. २७ ऑक्टोबर १९६८ च्या घटनात्मक कायद्याने एकसंध राज्याचे दोन राष्ट्रांचे संघराज्य केले, आणि ते १९६९ च्या पहिल्या दिवसापासून अमलात आले. संघीय सभेत २०० सदस्यांचे लोकगृह आणि १५० सदस्यांचे राष्ट्रगृह होते. राष्ट्रगृहात ७५ चेक आणि ७५ स्लोव्हाक सदस्य असत. घटनादुरुस्तीसाठी लोकगृहात, तसेच राष्ट्रगृहातील या दोन्ही गटांत स्वतंत्रपणे तीन पंचमांश मते लागत. याचा अर्थ एका गटातील ३१ सदस्य विरोधात गेले तर सगळी प्रक्रिया थांबे. या कायद्याने घटनात्मक न्यायालयाचीही तरतूद केली होती, पण ते कधी स्थापनच झाले नाही. पक्ष सगळे ठरवत असल्याने वीस वर्षे या कुलपाची कुणाला आठवणही झाली नाही.

१७ नोव्हेंबर १९८९ च्या विद्यार्थी मोर्चानंतर बारा दिवसांतच संघीय सभेने चौथ्या कलमातील पक्षाचे नेतृत्व रद्द केले. मतदान करणारे बहुतेक सदस्य कम्युनिस्ट राजवटीतच आलेले होते. २९ डिसेंबरला त्याच सभेने राजवटीचे विरोधक नाटककार व्हाक्लाव्ह हावेल यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. कम्युनिस्ट घटनेच्याच नियमांनी कम्युनिस्ट राजवट उतरवली गेली. १९९१ च्या जानेवारीत मूलभूत हक्क आणि स्वातंत्र्यांची सनद मंजूर झाली. पण आता १९६८ चे कुलूप खरोखरच लागले. देशाचे नवे नाव लिहिताना मध्ये जोडरेघ द्यावी की नाही, यावर १९९० मध्ये संसदेत जवळजवळ तीन महिने वाद झाला. बाहेरच्यांना तो क्षुल्लक वाटला. स्लोव्हाक लोकांसाठी मात्र १९२० च्या त्या ‘आम्ही’चा हिशेब त्यात होता. जून १९९२ च्या निवडणुकीनंतर चेक नेते व्हाक्लाव्ह क्लाउस आणि स्लोव्हाक नेते व्लादिमीर मेचियार यांनी विभाजनाचा मार्ग धरला. सार्वमताचा कायदा अस्तित्वात असूनही सार्वमत घेतले गेले नाही. विभाजनाचा कायदा पहिल्या प्रयत्नात फेटाळला गेला आणि २५ नोव्हेंबर १९९२ रोजी मंजूर झाला. त्यात संघराज्याची राष्ट्रीय चिन्हे पुढे कोणीही वापरायची नाहीत, अशी अट होती. तरीही चेक प्रजासत्ताकाने जुना ध्वज आपलाच म्हणून ठेवला. रक्तपात न होता झालेल्या या विभाजनाचे कौतुक योग्यच आहे, परंतु हे वचन मोडले गेले हेही नमूद केले पाहिजे.

चेक राज्यघटना १६ डिसेंबर १९९२ रोजी मंजूर झाली आणि १ जानेवारी १९९३ पासून अमलात आली. तिच्यासोबत झालेल्या एका कायद्याने संघराज्याचे कायदे पुढे चालू ठेवले. राशीन यांचे दुसरे कलम चौऱ्याहत्तर वर्षांनी पुन्हा लिहिले गेले, असे म्हणता येईल. संसदेत २०० सदस्यांचे प्रतिनिधिगृह आणि ८१ सदस्यांचे सिनेट असावे असे ठरले, जरी सिनेटची पहिली निवडणूक १९९६ पर्यंत झाली नाही. नागरिकांचे हक्क घटनेच्या मजकुरात नाहीत. १९९१ ची सनद घटनेच्या शेजारी उभी आहे आणि तिचा दर्जा घटनेइतकाच आहे. म्हणून चेक कायद्यात एका पुस्तकापेक्षा ‘घटनात्मक व्यवस्था’ हा शब्द वापरतात, ज्यात घटना, सनद आणि इतर घटनात्मक कायदे एकत्र येतात. पंधरा न्यायाधीशांचे घटनात्मक न्यायालय प्रागपासून दूर, मोराव्हियातील ब्रनो शहरात ठेवले गेले आणि हक्कभंग झालेल्या सामान्य नागरिकालाही त्याचे दार खुले झाले. १९२० ची चूक इथे दुरुस्त झाली.

या न्यायालयासमोर पहिल्याच वर्षी तो जुना प्रश्न आला. १९९३ च्या एका कायद्याने कम्युनिस्ट राजवट बेकायदा ठरवली आणि राजकीय कारणांनी ज्या गुन्ह्यांचा तेव्हा तपासच झाला नाही, त्यांच्या बाबतीत २५ फेब्रुवारी १९४८ ते २९ डिसेंबर १९८९ हा काळ खटला भरण्याच्या मुदतीत धरायचा नाही, असे सांगितले. ४१ खासदारांनी त्याला आव्हान दिले. संघराज्याचे कायदे आपण पुढे चालू ठेवले आहेत, मग मागील राजवट बेकायदा कशी, असा आक्षेप होता. २१ डिसेंबर १९९३ च्या निकालात न्यायालयाने या प्रश्नाची फार सुरेख फोड केली. जुन्या कायद्याशी सातत्य आहे, पण जुन्या राजवटीच्या मूल्यांशी नाही, असे त्याने म्हटले. कायदा पुढे चालतो, पण त्याचा अर्थ आता लोकशाहीच्या मूल्यांनुसार लावायचा. चेक घटनात्मक विचाराचे सार मला या निकालात दिसते.

घटनेच्या नवव्या कलमात आणखी एक ठाम वाक्य आहे : लोकशाही आणि कायद्याच्या राज्याची मूलभूत लक्षणे बदलता येणार नाहीत. भारतीय वाचकांना इथे १९७३ चा केशवानंद भारती निकाल आठवेल. फरक इतकाच की आपल्याकडे हे तत्त्व न्यायालयाने शोधले आणि तिथे ते मजकुरातच आहे. २००९ मध्ये सरकार पडल्यावर संसदेने चालू प्रतिनिधिगृहाची मुदत एकदाच कमी करणारा घटनात्मक कायदा केला. १९९८ मध्ये असे करून झाले होते आणि कुणी हरकत घेतली नव्हती. या वेळी मिलोश मेल्चाक या एका खासदाराने तक्रार केली. १० सप्टेंबर २००९ रोजी, निवडणूक महिन्यावर आली असताना, न्यायालयाने तो घटनात्मक कायदाच रद्द केला. एका प्रसंगापुरता आणि सर्वसाधारण नियम डावलून केलेला कायदा तीन पंचमांश मतांनी मंजूर झाला तरी घटनेचा भाग होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. यावर कडवट वाद झाला. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी इतके पुढे जावे का, ही शंका अनाठायी नाही. निवडणूक मे २०१० मध्ये झाली. १९३८ पूर्वी याच देशातील न्यायालयाच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, हे आठवले की या निकालाकडे मी अधिक सहानुभूतीने पाहतो.

संघराज्याच्या विभाजनाचा हिशेब मात्र सामान्य माणसाच्या निवृत्तिवेतनात शिल्लक राहिला होता. ३१ डिसेंबर १९९२ रोजी नोकरी देणाऱ्याचे मुख्यालय ज्या भागात होते, त्या देशाने संघराज्याच्या काळातील नोकरीचे निवृत्तिवेतन द्यायचे, असे दोन्ही देशांनी ठरवले होते. त्यामुळे काही चेक नागरिकांना कमी रकमेचे स्लोव्हाक निवृत्तिवेतन मिळू लागले. ब्रनोच्या न्यायालयाने ती तफावत भरून देण्यास सांगितले. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने २०११ मध्ये ही भरपाई फक्त चेक नागरिकांना देणे हा भेदभाव ठरवला. ३१ जानेवारी २०१२ रोजी ब्रनोच्या न्यायालयाने उत्तर दिले की युरोपीय न्यायालयाने इथे आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली आहे, आणि युरोपीय संघातील घटनात्मक न्यायालयाने असे उघडपणे म्हणण्याची ती पहिली वेळ मानली जाते. त्यामागचे कारण साधे होते. माणूस एकाच देशात राबला होता. त्या वर्षांना, देश नंतर दुभंगला म्हणून, परदेशात केलेली नोकरी म्हणता येणार नाही.